बसून राहिल्याची हजेरी

विश्रामबागेत, आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर
चोवीस संगणकांत चोवीस इमारती उभ्या राहतात
एका तासिकेत.
पाया खणायला चार सेकंद.
स्लॅबला पाणी मारायचे चौदा दिवस
असे सरतात, की टेबलाखाली
भडंगाची पुडी फोडून होत नाही तोवर
वरचा मजला मागतो विटा.

खेळ मीच मांडलाय, दोन सुट्ट्या घालवून.
कशाच्या आधी काय, एवढंच शिकवायचं होतं:
सळईआधी फळ्या,
काँक्रीटआधी विजेचे पाइप,
आणि विसरलात तर तयार छत फोडायचा खर्च
वरच्या कोपऱ्यात, लाल आकड्यांत.
एक संकट ठेवलंय खास सांगलीसाठी:
'आयर्विन पुलाखाली पंचेचाळीस फूट. काम बंद.'
ते आलं की सगळी लॅब ओरडते,
हरिपूरची दोन पोरं सोडून.

शनिवारी शिवलीलाचे वडील आले, मल्लाप्पा.
जतकडचे. सेंट्रिंगचं काम.
फीची पावती न्यायची होती.
आज बरा वेळ मिळाला, म्हटलं, तर म्हणाले,
"वाळू आली न्हाई."
चपला दाराबाहेर काढल्या.
पोरीनं खुर्चीत बसवलं, हातात माउस दिला.
त्यांनी तो वायरीला धरून लोंबता सोडला,
ओळंबा सोडतात तसा, एक डोळा मिटून.
मी शिकवायला पुढे झाले,
तर ते गालात हसत होते.

पहिल्या मजल्याच्या फळ्या लागल्या.
"काढायच्या कधी?"
खेळात आपोआप निघतात, मी म्हटलं.
"आपोआप," ते म्हणाले.
थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "आपोआप."

मग सळई उशिरा आली. तीही अडचण माझीच.
तीन बारकी माणसं फळ्यांवर उभी राहिली,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल दिवा,
आणि कोपऱ्यातला आकडा चढू लागला.
"ह्ये काय वाढतंय?"
"रिकामे मजूर, अण्णा. बसून राहिल्याचा खर्च.
ठेकेदाराच्या अंगावर पडतो."
"म्हंजी बसलेल्यालाबी हजेरी?"
"हो."
"कुठं हाय ही साइट?"

लॅब हसली. तेही हसले.
शिवलीला माउसपॅडचा सुटलेला कोपरा
नखानं सोलत राहिली.

तो आकडा मी भरला होता,
माणशी नऊशे, रात्री अकराला, सूत्र लावून.
रिकामं उभं राहणं महाग असतं
एवढं पोरांना कळावं म्हणून.
कुणाला महाग,
असा रकाना मी केलाच नव्हता.

शेजारच्या पडद्यावर पोरीची पुरी झालेली इमारत होती.
गिलावा, रंग, तिसऱ्या मजल्यावर उजेड.
ते खुर्ची न हलवता तिकडे वळले.
"एवढी झालेली आम्ही बघत न्हाई.
फळ्या उतरल्या की पुढचं काम."
आणि मग, "आत जाता येतंय?"
येत नव्हतं.
दारं मी नुसती रंगवली होती.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला.
"आली? किती ब्रास? निघालोच."
पावतीची घडी वरच्या खिशात,
"येतो मॅडम," आणि चपलांचा आवाज
जिन्यापाशी पोचलासुद्धा.
अर्धा दिवस तरी भरणार होता.

बेल झाली. पोरं गेली.
एकेक पडदा बंद करत मी खिडकीपाशी आले.
त्यांचा डाव चालूच होता.
सळईचा पत्ता नव्हता.
फळ्यांवर ती तिघं, डोक्यावर दिवे,
आणि कोपऱ्यात त्यांची हजेरी
चढतच होती.
बटणावरचं बोट मी काढून घेतलं.
चढू दिली जरा वेळ.